एकाच थानाचं कापड, तरी सणाला सगळ्यांचे रंग वेगळे का दिसतात?

पाडव्याच्या सकाळी अंगणात सगळ्यांना ओळीनं उभं करून फोटो काढायचा आणि मोबाइलमध्ये बघायचं, तर चौघं एका रंगात आणि एक पोरगं भलत्याच रंगात. कापड एकच, दुकान एकच, घेतलं तेही एकाच दिवशी. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून, महिनाभर मशीनवर बसून शिवलेल्या सेटचं असं झालं की जीव हळहळतो. बेळगावच्या वडगावात माझी घरीच शिवण चालते. दसरा झाला की कुणी ना कुणी पिशवीत दोन कपडे घेऊन दारात येतेच. "ह्ये दोन्ही एकाच थानातलं हाय बघा वैनी, मग असं का दिसतंय?"

दर वर्षी तेच विचारलं जातं, म्हणून उत्तर एकदा नीट लिहून ठेवते. कापड कापायच्या आधी हे वाचलंत तर जास्त उपयोग होईल. कापून झालं असेल तरी वाचा, कारण बिघडलेलं सावरायचे मार्गही खाली दिले आहेत.

आधी दोष कुठला ते ओळखा

दोन्ही कपडे घेऊन उन्हात या. ट्यूबलाइटखाली काहीच ठरवू नका. दोन्ही कपडे शेजारी शेजारी सपाट पसरा, दोघांचे गळे एकाच बाजूला ठेवा. रंग वेगळे दिसत असतील तर त्यातला एक कपडा हळूहळू फिरवून आडवा करा, म्हणजे गळा डाव्या हाताला येईल असा. फिरवल्यावर दोन्ही रंग जुळले तर कापडाचा रोख चुकलाय, म्हणजे एक कपडा उभ्या कापडात आणि दुसरा आडव्या कापडात कापला गेलाय. फिरवूनही जुळले नाहीत तर दोन वेगळ्या रंगणीचं, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेलं, कापड तुमच्या पदरात पडलंय. आणि शिवलं तेव्हा जुळत होतं, पण पहिल्या धुण्यानंतर बिनसलं, तर दोष धुण्याचा आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांत खणाचे कपडे असतील तर बहुतेक वेळा पहिलाच दोष निघतो. म्हणून त्याच्याबद्दलच सविस्तर लिहिते.

खण आडवा कापला की रंग बदलतो

आपल्याकडे सणाचा सेट म्हटलं की हल्ली खणच डोळ्यांसमोर येतो. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण, शेजारच्या इलकलची म्हणजे आपल्या भाषेत इरकल साडी, आणि पुरुषांच्या कुडत्यासाठी इचलकरंजीच्या मागावरचं साधं सुती कापड. आपण मधे राहतो, त्यामुळे तिन्ही हाताशी आहेत. शहापूरच्या किंवा खडे बाजारातल्या दुकानात एका फेरीत ही तिन्ही मिळतात. पण तिन्हीचे स्वभाव वेगळे आहेत, आणि खणाचा तर फारच वेगळा.

पुष्कळसा खण धूपछाव असतो. त्याचा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा. विणकर त्यांना ताणा आणि बाणा म्हणतात. रेशमासारख्या चकचकीत धाग्यावर उजेड पडला की तो धाग्याच्या आडव्या अंगानं फाकतो. त्यामुळे कापड एका रोखानं धरलं की ताण्याचा रंग वर येतो आणि काटकोनात फिरवलं की बाण्याचा. हातात थान धरून दुकानदार जे लाटेसारखं हलवून दाखवतो ना, आणि आपण "आई गं, काय सुरेख" म्हणतो, तीच गंमत कापताना डोकेदुखी होते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मी हिरव्या-जांभळ्या धूपछाव खणाचा घरचा सेट केला होता. सासूबाईंचं आणि माझं झंपर, मुलीचं परकर-पोलकं, ह्यांच्या कुडत्याला गळ्याची पट्टी, आणि पाच वर्षांच्या मुलाला बंडी. बायकांचं सगळं मी शिवलं. बंडीची आणि कुडत्याची शिलाई मात्र बाहेर दिली, कारण दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे दुसऱ्यांचीच कामं ढीगभर होती. फोटोत आम्ही सगळे हिरवे आणि मुलगा जांभळा. मला वाटलं दुकानदारानंच दोन थानांतलं कापड दिलं. तावातावानं बंडी घेऊन मी दुकानात जायला निघाले होते.

माझे सासरे उमेदीची सगळी वर्षं मागावर होते. ओसरीवर बसून त्यांनी बंडी मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतल्या शिवणीतून नखानं एक धागा ओढून काढला. तो अंगठ्यावर ठेवला. मग दुसऱ्या बाजूनं एक काढला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. "हिकडं ये. ह्यो खालनं वर गेल्याला धागा बघ, जांभळा. आता तुझं झंपर आण." झंपराच्या शिवणीतून तसाच एक धागा काढला. खालून वर गेलेला तो धागा हिरवा निघाला. "पोराचं जाकीट आडवं कापलंय की. दुकानदाराचं काय चुकलंय त्यात?"

नंतर मी बंडीचा हिशोब मांडून बघितला तेव्हा शिंप्यानं असं का केलं तेही कळलं. जुन्या पद्धतीच्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बेताची असते. माझ्याकडचा ३१ इंचांचा होता. दोन्ही बाजूंचे २-२ इंचांचे काठ सोडले की मधे उरलं २७ इंच. मुलाची छाती २३, त्यात सैलपणाचे ३ आणि शिवणीच्या मायेचे ४ धरले की झाले ३० इंच. म्हणजे पाठ आणि दोन्ही पुढचे भाग एका ओळीत उभे बसत नाहीत. दोन ओळी कराव्या लागतात. बंडीची उंची मायेसकट १९ इंच, दोन ओळींचं ३८ इंच कापड. तेच भाग आडवे टाकले की ३० इंचांत काम होतं. वीतभर कापड वाचतं. शिंप्यानं माझं कापड वाचवलं होतं, त्याच्या दृष्टीनं त्यानं चांगलंच केलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही बंडी चार दुसऱ्या कपड्यांच्या शेजारी उभी राहणार आहे.

म्हणून माझं ठाम मत झालंय: सेटचं सगळं कापड एकाच हातानं, एकाच दिवशी, एकाच टेबलावर कापलं गेलं पाहिजे. शिवायला कुणालाही द्या. जेंट्स टेलरला कुडता द्या, झंपर तुमच्या नेहमीच्या बाईकडे द्या, काहीच हरकत नाही. पण कापून द्या. शिंप्याला कापलेलं कापड घेणं आवडत नाही हे मला माहीत आहे. तसं असेल तर निदान खडूनं कापडाच्या उलट्या बाजूला दर तुकड्याच्या जागी मोठा बाण काढून द्या आणि तोंडी सांगा: "बाणाचं टोक गळ्याकडं. कापड कमी पडलं तर फोन करा, पण फिरवू नका."

कापताना मोठ्या माणसापासून सुरुवात करा. आपला हात आधी मुलांच्या कपड्यांकडे जातो, कारण त्यांचंच कौतुक जास्त. पण लहान तुकडे कुठल्याही कोपऱ्यात उभे बसतात, मोठे बसत नाहीत. आधी परकराचा घेर आणि झंपरांच्या पाठी, मग बाह्या, मग बंडी, आणि शेवटी पट्ट्या आणि बटणपट्टी. सगळे कागदी नमुने आधी कापडावर मांडून बघा, टाचण्या लावा, मगच कात्री घ्या. जमिनीवर सतरंजी टाकून मांडलं तरी चालतं. माझं निम्मं कटिंग तसंच होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. खणावर बुट्टे असतात, आणि काही बुट्ट्यांना वरची-खालची बाजू असते. तशी असेल तर काटकोन सांभाळूनही तुकडा उलटा पडू शकतो. रंग जुळतो पण बुट्टा डोक्यावर उभा राहतो. थानाच्या एका टोकाला सुईदोऱ्यानं लाल धाग्याचा एक टाका घाला आणि ते टोक नेहमी वर धरा. मखमल घेतली असेल तर हे आणखी जपा, कारण मखमलीची लव खाली की वर यावरूनच ती फिकी किंवा गडद दिसते.

कापलंच चुकीचं, आता काय

धुवून, इस्त्री करून, पॉलिश करून हा फरक जात नाही. कुणी सांगितलं तरी त्यावर पैसे घालू नका.

आम्ही काय केलं ते सांगते. फोटो पाडव्याचा होता आणि दुसऱ्याच दिवशी भाऊबीज होती. उरलेल्या चिंध्यांतून मी मुद्दाम आडव्या कापडाच्या दोन-दोन इंची पट्ट्या कापल्या, म्हणजे जांभळ्या दिसणाऱ्या. एक मुलीच्या पोलक्याच्या बाह्यांना लावली, एक ह्यांच्या कुडत्याच्या खिशाला, एक माझ्या झंपराच्या पाठीला गळ्याखाली. आणि मुलाच्या बंडीला खिशाच्या तोंडाशी उभ्या कापडाची हिरवी पट्टी. आता हिरव्या कपड्यांत जांभळं आणि जांभळ्या कपड्यात हिरवं. भाऊबीजेला आलेल्या माझ्या नणंदेनं विचारलं की ही डिझाइन कुठं बघितलीस. वेगळा रंग एकट्या माणसावर असला की चूक दिसते, सगळ्यांत वाटला की ठरवून केल्यासारखा दिसतो. दोन वेगळ्या रंगणीचं कापड निघालं तरी हाच उपाय चालतो.

रंगणीचा फरक

हातमागाच्या खणाचं सूत थोडं थोडं रंगवलं जातं, त्यामुळे एका रंगणीचा हिरवा आणि पुढच्या रंगणीचा हिरवा यांत थोडा उजवं-डावं होणारच. त्याला दोष म्हणू नये. आपण मात्र एकाच वेळी पुरेसं घ्यायचं. पाऊण मीटर कमी पडलं म्हणून आठ दिवसांनी परत जाऊन आणलेलं कापड जुळेल याचा भरवसा धरू नका. गिरणीच्या कापडाच्या ताग्याला टोकाला चिठ्ठी किंवा शिक्का असतो, त्यावरचा लॉट नंबर बघून घ्या. दोन तागे लागत असतील तर दोन्हीवर तोच नंबर हवा.

दुकानदाराला कापड दाराबाहेर नेऊन बघायचंय असं सांगायला संकोच करू नका. मराठीत सांगा, कन्नडात सांगा, आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली जुळणारे दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात, कारण रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असतात आणि दिव्याचा उजेड बदलला की ते वेगवेगळे वागतात. खण आणि कुडत्याचं साधं कापड जुळवताना तर हे हमखास होतं. दुपारच्या उन्हात एकदा आणि घरच्या दिव्याखाली एकदा, असं दोनदा बघा. अभ्यंगस्नानानंतरचे फोटो दिव्याच्या उजेडातलेच असतात.

किती घ्यायचं

पाच माणसांच्या सेटला मी साधारण असा हिशोब धरते. ३१ इंची खणाचं एक झंपर म्हटलं की १ मीटर. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या परकराला ३ मीटर, पोलक्याला पाऊण. लहान मुलाच्या बंडीला १ मीटर. पट्ट्यांसाठी अर्धा. दोन झंपरं धरून हे सव्वासात मीटर झालं, त्यावर अर्धा मीटर जास्तीचा. हा अर्धा मीटर वायफळ खर्च वाटतो, पण वरची पट्ट्यांची युक्ती त्याच्याच जोरावर जमली होती. पुरुषाच्या कुडत्याला ४४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर पुरतं, उंच माणसाला पावणेतीन.

खरं तर सगळ्यांना डोक्यापासून पायापर्यंत एकाच खणात गुंडाळू नये असं मला वाटतं. एक साधा रंग सगळ्यांत समान ठेवावा आणि खण थोडा थोडा फिरवावा. आजीला झंपर, नातीला परकर, बापाला नुसती गळपट्टी. प्रत्येकजण आपल्या वयाला शोभतो आणि तरी एका घरातला दिसतो. काठाचंही तसंच. चार इंची काठ माझ्या साडीला शोभतो, तोच तीन वर्षांच्या पोरीच्या परकराला लावला तर निम्मा परकर काठच होतो. लहान मुलींसाठी रुंद काठ आतल्या बाजूनं दुमडून दीड-दोन इंच दिसेल एवढाच ठेवा. कापून टाकू नका. दोन वर्षांनी पोरगी वाढली की तोच काठ बाहेर काढता येतो.

धुतल्यावर बिनसतं ते

शिवताना सगळं ठीक होतं, पहिल्या धुण्यानंतर बापाचा कुडता आखूड झाला, गळपट्टी लाटांसारखी फुगली, आणि पांढऱ्या कापडावर हिरवे डाग आले. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच, कोरं कापड न भिजवता कापलं.

कापडाचा १० इंच लांब आणि १० इंच रुंद तुकडा घ्या, उभ्या बाजूला खूण करा, घरी धुता तसा धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मोजा. साडेनऊ इंच भरला तर ते कापड ५ टक्के आटतं. ४२ इंचांचा कुडता त्या हिशोबानं दोन इंचांनी आखूड होणार. उभं कापड आडव्यापेक्षा बहुधा जास्त आटतं, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. मिश्र धाग्याचा खण मात्र पुष्कळदा आटतच नाही. मग काय होतं बघा: आटणाऱ्या सुती कुडत्याला न आटणारी १४ इंचांची पट्टी लावली, धुतल्यावर कुडता पाऊण इंच आत गेला, पट्टी आहे तेवढीच राहिली. ती जादाची पट्टी फुगून वर येते. शिंप्याचा हात खराब म्हणून लोक बोलतात, पण शिंप्याच्या हाताचा त्यात काही दोष नसतो.

फुगलेली पट्टी दुरुस्त होते. पट्टी उसवा, कुडता आणि पट्टी दोन्ही वेगवेगळी इस्त्री करा, पट्टी नव्यानं मोजून जादाची कापा आणि पुन्हा टीप घाला. एकदा आटलेला कुडता पुढं फारसा आटत नाही, म्हणून दुसऱ्यांदा लावलेली पट्टी टिकते.

सुती कापड रात्रभर साध्या गार पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पिळू नका, तसंच निथळत घाला. सावलीत वाळवा, थोडं ओलसर असतानाच उभ्या दिशेनं इस्त्री फिरवा. दिवाळीच्या सेटला हे सोपं आहे. गणपतीच्या सेटला मात्र आपल्या भागात हीच मोठी अडचण. भाद्रपदात बेळगावला ऊन कधी पडेल सांगता येत नाही, आणि खानापूरकडं तर चार-चार दिवस दोरीवरचं कापड ओलंच राहतं. ओलं कापड घडी करून ठेवलं तर काळे बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. गणपतीला शिवायचं असेल तर मे महिन्यातच कापड घेऊन भिजवून, वाळवून, घडी करून ठेवा. तेवढं आधी जमलं नाही तर खोलीत दोरी बांधून रात्रभर पंखा लावा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय कपाटात घालू नका.

इरकल साडी, रेशमी पदर, रेशमी खण यांना पाण्यात घालू नका. ते ड्रायक्लीनिंगलाच द्या. रेशीम कुठलं आणि पॉलिस्टर कुठलं हे ओळखायचं असेल तर काठाचे दोन-तीन धागे चिमट्यात धरून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ही परीक्षा मोरीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून करा.

आता रंग जाण्याबद्दल. खणाचा कोपरा ओला करून त्यावर पांढरं सुती फडकं ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर तो खण पांढऱ्या किंवा फिक्या कुडत्याला लावूच नका, गडद कापडाला लावा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. रंगारी रंगवताना मीठ घालतात हे खरं, रंग धाग्यात शिरावा म्हणून. पण रंगवून झालेल्या कापडाचा सुटा रंग घरच्या मिठानं धरून राहत नाही. मी स्वतः तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा पाणी हिरवंच निघालं. सुटा रंग चार-पाच पाण्यांत धुवून काढून टाकणं हाच मार्ग.

डाग पडलाच तर कपडा सुकू देऊ नका आणि त्यावर इस्त्री तर मुळीच नको. इस्त्रीच्या उष्णतेनं डाग बसतो. लगेच गार पाण्यात घालून साबणाच्या पावडरीत पुन्हा पुन्हा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत.

शिवताना येणाऱ्या तक्रारी

खणाच्या कडेचे धागे फार सुटतात. कापून झाल्या झाल्या, शिवायच्या आधीच, सगळ्या कडांना इंटरलॉक मारून घ्या. मशीन नसेल तर गल्लीतल्या पिको-फॉलवाल्याकडे तेवढंच काम थोड्या पैशांत होतं. शिवणीला माया अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच ठेवा. काखेत आणि मुंढ्यात ताण येतो तिथं झंपर उसवतं ते याच कारणानं. अस्तर लावलंत तर ताण अस्तरावर जातो आणि खण वाचतो. अस्तर सुती घ्या आणि तेही भिजवलेलंच.

टीप गोळा होत असेल तर आधी सुई बदला. सुती कापडाला १४ नंबर ठीक, पण खणाला आणि रेशमाला ११ नंबरची नवी सुई हवी. वरच्या धाग्याचा ताण थोडा सैल करा. कापडाला मागून ओढू नका, सुईखालच्या दातऱ्यांना त्यांच्या गतीनं कापड सरकवू द्या. इस्त्री करताना वर सुती फडकं घाला, नाहीतर पॉलिस्टरचा धागा चकाकतो आणि तो डाग जात नाही.

मुलांची मापं

गणेश चतुर्थी ते दिवाळी पावणेदोन महिने असतात, आणि वाढत्या वयाचं मूल तेवढ्यात पाव-अर्धा इंच वाढतं. मोठ्यांचं कापून शिवून घ्या, मुलांचं कापा पण उंचीची माया भरपूर ठेवा. परकराच्या खाली आतून तीन इंचांची दुमड, बंडीच्या दोन्ही कुशीत इंचभर माया, कुडत्याच्या बाहीला दीड इंच. मुलांचं शेवटचं माप दसऱ्यानंतर घ्या. दसरा ते दिवाळी २० दिवस हातात असतात. बाहेर शिवायला देणार असाल तर मात्र दसऱ्याच्या आधीच टेलरकडे वर्दी लावून ठेवा, कारण दसरा झाला की बऱ्याच दुकानांत नवीन कपडे घ्यायचं बंद होतं. आणि दिवाळी १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, जवळ आली असेल तर १ तारखेला शहरात बाजारहाट करायचं ठरवू नका. मिरवणुका असतात, रस्ते भरलेले असतात, बटणं आणि अस्तर आणायला गेलेलं माणूस संध्याकाळी परततं.

राहिलं धुणं. सेटमधला बापाचा कुडता देवळात, लग्नात, ऑफिसात वर्षभर वापरला जातो आणि मुलीचा परकर कपाटातच राहतो. पुढच्या वर्षी दोघं शेजारी उभे राहिले की कुडता फिका आणि परकर कोरा. त्यामुळे मी आता घरात सांगून ठेवलंय की सेटमधला एक कपडा धुवायला निघाला तर त्याच्या जोडीचे सुती कपडेही त्याच बादलीत जातील, उलटे करून, आणि सावलीतल्या एकाच दोरीवर वाळतील. उरलेल्या कापडाचा एक वीतभर तुकडा त्याच बादलीत घालते. कधी कोपर फाटलं, खिसा उसवला तर ठिगळाचा रंग कपड्याइतकाच उतरलेला मिळतो.